कड्याकडची बाजू

कड्याखालच्या वाडीत घरं एकतीस होती आणि न्हाण्या सव्वीस. पाच घरांतल्या बायका शेजारणीची न्हाणी वापरत. सव्वीसपैकी बावीस न्हाण्या तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या होत्या, चार दगडी. छप्पर एकीलाही नव्हतं. रस्त्याकडचा कूड प्रत्येकीचा माणसाहून उंच, शेणामातीनं नीट लिंपलेला. मागच्या बाजूला, कड्याकडे, कूड नव्हताच. तिथं एक सपाट दगड, एक रांजण आणि समोर तीनशे फुटांचा काळा कडा. कड्यावर वानरं असत. वानरांना लाजून कूड कोण घालतं?

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर त्या कड्यावर अर्जुनरावांनी आठ खोल्यांचं रिसॉर्ट उघडलं. अर्जुनराव धारूरकडचे मोठे जमीनदार, शिवाय पुढारी. पुण्या-मुंबईची माणसं डोंगर बघायला लांब लांब जातात, मग आपल्या बालाघाटानं काय घोडं मारलंय, असं ते चारचौघांत म्हणत. त्यांनी कड्याच्या टोकाला ओटा बांधला, कठडा घातला आणि ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ अशी पाटी लावली. ओट्यावर लोखंडी खांबावर पितळी दुर्बीण बसवली.

ती बसवली शिवकन्येनं. वाडीत किराणा दुकान चालवणाऱ्या सिद्धाराम अप्पांची ही थोरली मुलगी, भौतिकशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेली. दुर्बीण कशी जोडतात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून अर्जुनरावांनी जीप पाठवून तिला वर नेलं. तिनं भिंगं पुसली, नळी तोलून बसवली. हौसेनं पत्र्याची एक पट्टी कापून तिच्यावर अंशांच्या खुणा रंगवल्या आणि ती खांबाला ठोकली, म्हणजे नळी किती झुकली ते कळावं. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून दिंद्रुडच्या बाजूची काळी सपाटी दिसली, त्यापलीकडं पाण्याची एक चकाकती रेघ. शिवकन्या त्या दिवशी खुशीत घरी आली आणि आईला म्हणाली, “आई, आपण किती सुंदर ठिकाणी राहतो, हे वरून कळतं बघ.”

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दहाला, ती भिंगं पुसायला परत वर गेली. दुर्बिणीचं तिकीट फाडणारा बंकट ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

“गर्दी असते का रे?” तिनं विचारलं.

“लई. सकाळी सात ते साडेआठ तर उभं राहायला जागा न्हाई.”

“सकाळी? सकाळी तर धुकं असतं. लांबचं काही दिसत नाही.”

बंकटनं तंबाखूत आणखी चुना टाकला. “लोकांस्नी हवा आवडती सकाळची.”

शिवकन्येला उत्तर पटलं नाही की ती वस्तूकडं बघायची. तिनं स्क्रू पाहिले. नळी डावी-उजवीकडं फिरवायचा स्क्रू गंजून गच्च बसला होता. वर-खाली करायचा स्क्रू सोन्यासारखा चमकत होता. मग तिनं पट्टी पाहिली. शून्यापासून तीसपर्यंतचा रंग जसाच्या तसा होता. सदतिसाच्या खुणेवरचा पार खरवडून निघाला होता.

तिनं नळी सदतीस अंशांवर झुकवली आणि डोळा लावला.

सपाट दगड दिसला. दगडावर लाल साबण होता. रांजणाच्या काठावर हिरवा टॉवेल वाळत होता. टॉवेल तिचाच होता. आज सकाळी साडेसातला ती त्याच दगडावर बसून अंघोळ करत होती.

तिनं डोळा काढला. हिशोब आपोआप डोक्यात झाला: कडा तीनशे फूट, पायथ्यापासून न्हाणी चारशे फूट, तिरकं अंतर पाचशे. दुर्बीण दहा पटींची. म्हणजे पन्नास फुटांवरून पाहिल्यासारखं. आणि भिंगं तिनं स्वतः पुसली होती.

“बंकट, तुझी मावशी वाडीतच दिलेली आहे ना?”

“हाय की.”

“तिची न्हाणी इथून कितव्या अंशाला दिसते, ते ठाऊक आहे का तुला?”

बंकटनं तंबाखू तोंडात टाकली. “मी न्हाई बगत, ताई. मी निस्ती तिकिटं फाडतो.”

अर्जुनराव रिसॉर्टच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते; बंकटही तिच्या मागोमाग येऊन पायरीशी थांबला. शिवकन्येनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हे बघ पोरी, डोळा पाव्हण्याचा, तो कुठं लावावा हे मी कसं सांगू? तुमी भिंती घाला की मागून. आजवर कावून घातल्या न्हाईत?”

“आजवर मागं वानरं होती.”

“मग आता घाला.”

“पावणेनऊ फूट,” शिवकन्या म्हणाली. “पाच फूट उंच बाई, पाच फूट लांब न्हाणी आणि वरून येणारी ही तिरपी नजर. पावणेनऊ फुटांपेक्षा बुटकी भिंत काही झाकत नाही. तुराटी सहा फुटांच्या वर वाढत नाही. आणि तुमच्या दुर्बिणीला एक बोल्ट लागतो, दोन इंचांचा. नळी खाली झुकणार नाही.”

अर्जुनराव हसले. “अप्पाची पोरगी हिशोबाला पक्की हाय. पण बोल्ट मारला तर इथं येईल कोण बे, बंकट?” बंकट हसला नाही. “जा बाई. आणि अप्पाला सांग, उद्या साखर पाच किलो जास्त पाठव म्हणावं.”

घरी अप्पांनी ऐकलं आणि तागडीतली वजनं उतरवून ठेवली. मग म्हणाले, “रिसॉर्टला साखर जाणार नाही उद्या.”

संध्याकाळी शिवकन्येनं बायकांना देवळाच्या पारावर जमवलं. चंद्रभागाबाई वाडीत सगळ्यांत थोरली, तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, “त्या अर्जुनच्या बंगल्याकडं फिरती का तुजी नळी?”

“फिरेल. स्क्रूला तेल घातलं की.”

“मग घाल तेल.”

“त्यांच्या सुनांनी काय केलंय, आज्जी?”

चंद्रभागाबाईनं मान डोलावली. मग म्हणाली, “खरं हाय. बायांकडं न्हाई बगायचं. बगणाऱ्याकडं बगू.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच एकोणतीस बायका घाट चढून वर गेल्या आणि ओट्यावर, दुर्बिणीच्या दोन्ही अंगांना, पदर खोचून बसल्या. सात वाजता गिऱ्हाइकं आली. बायका जागच्या हलल्या नाहीत. पहिल्या माणसानं नळीला हात घातला, तेव्हा चंद्रभागाबाई उठून त्याच्या तोंडाशी गेली.

“तू दिंद्रुडच्या बद्रीनाथाचा ल्योक न्हवं का रे? माज्या भाचीचा दीर. या की पाव्हणं, बसा. तुमची भावजय मागल्या महिन्यात इथंच आलती. तिलाबी बगितली का?”

तो माणूस जीपकडं चालता झाला. दुसरा युसूफवडगाव या गावचा निघाला. त्याची सासुरवाडीच वाडीत होती. बायकांतल्या छबुबाईनं त्याला “जावईबापू” म्हणून हाक मारली, कपाळाला कुंकू लावते म्हणाली. पळताना त्याला पायऱ्या दिसेनात. तिसऱ्यानं लांबूनच रुमाल तोंडाला लावला.

“रुमाल कशाला, दाजी?” कुणीतरी विचारलं. “आमी कुठं रुमाल लावत होतो?”

बायका सहा दिवस वर गेल्या. केज, माजलगाव, परळी, कुठूनही माणूस आला की त्याचं नातं कुणाशी ना कुणाशी निघायचंच. ते निघालं की पारावरच्या बैठकीसारखं सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगितलं जायचं. सातव्या दिवशी ओट्यावर बायकांखेरीज कुणी नव्हतं. दुपारी बंकट वाडीत आला, दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

“मालक म्हणत्यात, काय करायचं ते करा. पण बाया घरी न्या.”

“मालकांना यायला काय झालं?” शिवकन्येनं विचारलं.

“त्यांची भन बी इथंच दिलेली हाय ना,” बंकट म्हणाला. “तिनं निरोप धाडलाय. काय ते मला न्हाई सांगितलं.”

शिवकन्या पाना, कानस, हातड्रिल आणि दोन इंचांचा बोल्ट घेऊन वर गेली. अर्जुनराव व्हरांड्यातून आत निघून गेले. तिनं नळीच्या खाली, खांबात भोक पाडलं, बोल्ट आवळला आणि पान्यानं परत उघडता येऊ नये म्हणून त्याचं डोकं कानशीनं घासून गुळगुळीत केलं. तिला पाऊण तास लागला. खाली कुणीतरी न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज झाला.

मग तिनं दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून, नळी खाली दाबली आणि पट्टी वाचली. सहा अंश. पुन्हा दाबली. सहा अंश. बंकटला दाबायला लावली, तरी सदतिसाची खूण लांबच. सव्वासहा.