उतारावरचा ग्रेडर

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या यार्डाची जमीन अगदी सपाट होती. तरीही ग्रेडरच्या मागच्या चाकांना विटा लावलेल्या होत्या. कौमुदीच्या ते लगेच लक्षात आलं.

“विटा कशाला?” तिने विचारलं.

“सवय आहे ताई, दुसरं काय,” ग्रेडर विकायला काढलेले शेषराव म्हणाले आणि तिच्या बाबांकडे वळले. “साहेब, तुम्ही साताऱ्याचे का? आम्ही परभणीचे. इथं मराठी बोलायला माणूस भेटत नाही बघा.”

बाबा एकदम खुलले. विमा कंपनीतून निवृत्त होऊन सुधाकरराव इथे परराज्यात, दुर्गापुऱ्यात स्थायिक झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मराठी ऐकलं की त्यांना समोरचा माणूस घरचाच वाटायचा. कौमुदीचं उलट होतं. गिऱ्हाईक पटवायला हा माणूस मराठी वापरतोय, असं तिला वाटत राहिलं.

ती सिव्हिल इंजिनिअर होती. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये मुरमाचे रस्ते करून द्यायची कामं घ्यायची. रस्त्याचा माल पसरून सपाट करायला ग्रेडर लागतो. लांबलचक यंत्र, पोटाखाली आडवं रुंद पातं. आतापर्यंत तिने तो भाड्यानेच आणला होता. भाडेवाला ऐन कामात मशीन काढून न्यायचा, म्हणून आता स्वतःचा घ्यायचा होता.

तिने इंजिनच्या झाकणावर हात ठेवला. कोमट होतं.

“मी येईपर्यंत चालू करू नका म्हटलं होतं.”

“जरा जागचं हलवलं, ताई.”

थंड असताना सुरू होत नसेल म्हणून आधीच तापवून ठेवलंय, हे तिने ओळखलं. त्या दिवशी ती परत गेली आणि दोन दिवसांनी न कळवता सकाळीच मेकॅनिकला आणि बाबांना घेऊन यार्डात हजर झाली. इंजिन गार होतं. तरी ते पटकन सुरू झालं. काळा धूर आला आणि निवळला. पातं वर गेलं, खाली आलं, फिरलं. मेकॅनिकने मान डोलावली.

“मतलब, एवढं चांगलं आहे तर विकताय का?” कौमुदीने विचारलं.

“आता झेपत नाही,” शेषराव म्हणाले. हे बोलताना ते यंत्राकडे पाहत नव्हते.

“तुला सगळ्यांवरच संशय,” घरी परतताना बाबा म्हणाले. तिने व्यवहार केला, पण मनातली शंका गेली नाही.

साइट टेकडीच्या पायथ्याशी होती. भंवरलाल नावाचा अनुभवी ऑपरेटर ठरवला होता. तो आला, ग्रेडरभोवती फिरला आणि केबिनच्या शिडीपाशी थबकला. शिडीची खालची पायरी वेगळ्या लोखंडाची होती, नंतर वेल्ड केलेली. ती ओळखीची असावी तसा तो तिच्याकडे पाहत राहिला, पण तिच्यावर पाय ठेवला नाही.

“मॅडमजी, ये मशीन मैं नहीं चलाऊंगा.”

“क्यों?”

“शेषरावजी से पूछ लीजिए,” म्हणत त्याने मोटारसायकलला किक मारली.

कौमुदीला पहिला संशय आला भाडेवाल्याचा. त्यानेच याला फितवलं असणार. मग वाटलं, नाही, शेषरावांचाच डाव असेल. मशीन पडून राहिलं की स्वस्तात परत घ्यायचं. तिने त्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद.

ती थेट त्यांच्या घरी गेली. यार्डामागेच दोन खोल्या होत्या. शेषराव नव्हते. त्यांची बायको कलावती दारात आली.

“ग्रेडरचं विचारायला आलात?” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच होतं. माझा भाऊ त्याच्याखाली गेला. हे चालवत होते. उतारावर मशीन उभं केलं, इंजिन बंद केलं आणि पाणी प्यायला उतरले. भाऊ चाकात अडकलेला दगड काढत होता. मशीन घरंगळलं.”

कौमुदी दारातल्या पायरीवर बसली.

“हे म्हणतात, हँडब्रेक ओढला होता. लोक म्हणतात, विसरला. मी यांच्याबरोबर एका घरात राहते, जेवायला वाढते. पण खरं काय ते मला आजवर कळलेलं नाही.”

परतताना कौमुदीला राग आला होता आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिने मेकॅनिकला बोलावलं आणि हँडब्रेकवरचं आवरण उघडायला लावलं. गिअरबॉक्सचं सील गळत होतं. तेल झिरपून ब्रेकचे पट्टे चिंब झाले होते. बाहेर नवा पिवळा रंग मारलेला, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं. सपाट जागेवर ब्रेक धरल्यासारखा वाटणार आणि उतारावर सुटणार.

“लगेच दुरुस्त करू?” मेकॅनिकने विचारलं.

“उद्या,” ती म्हणाली. “आवरण बसव परत.”

तिने नवरा-बायको दोघांनाही साइटवर बोलावलं. ग्रेडर हलक्या उतारावर उभा केला होता, पातं जमिनीत रोवून अडवलेला. खाली मुरमाचा मोठा ढीग लावला होता आणि त्या बाजूला कोणालाही जाऊ दिलं नव्हतं.

“काकू, वर या. ब्रेक तुम्ही ओढा,” कौमुदी म्हणाली.

कलावती शिडी चढल्या. दोन्ही हातांनी दांडा शेवटपर्यंत ओढला, हलवून पाहिला आणि खाली उतरून बाजूला उभ्या राहिल्या. कौमुदीने पायाच्या ब्रेकजवळ पाय ठेवून पातं हळूच उचललं.

ग्रेडर क्षणभर थांबला. मग निघाला. आधी इंचाइंचाने, मग सरळ, आणि ढिगाला जाऊन टेकला.

“ओढला होता मी,” शेषराव म्हणाले. “कलावती, ओढला होता गं.”

कलावतींनी तोंडावर पदर धरला. कौमुदी खाली उतरली, पण तिचा राग गेला नव्हता.

“आणि मला का नाही सांगितलं? माझा माणूस याच उतारावर मशीन उभं करणार होता.”

“सांगितलं असतं तर घेतलं असतं का, ताई?”

“नसतं घेतलं.”

तेवढ्यात कलावतींनी पदर बाजूला केला. डोळे ओले होते, पण त्या नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या.

“त्या दिवसाच्या आधी कधी घसरलं होतं का हे?”

शेषरावांनी खाली पाहिलं.

“विचारतेय मी.”

“एकदा,” ते म्हणाले. “जरासंच. मला वाटलं, उतार जास्त आहे.”

कलावतींनी पदर खोचला. त्या रस्त्याकडे चालू लागल्या. शेषराव मागून गेले, पण त्यांच्यात अंतर राहिलं. फाटकापाशी कलावतींनी रिक्षा थांबवली. त्या एकट्याच तिच्यात बसून गेल्या.

कौमुदीने सील आणि ब्रेकचे पट्टे नवे घातले. मग त्याच उतारावर, त्याच ढिगासमोर पुन्हा पातं उचललं. ग्रेडर तसूभरही हलला नाही. तिने भंवरलालला बोलावून सगळं खरं सांगितलं, उघडलेले जुने पट्टे हातात दिले. त्याने स्वतः तीनदा ब्रेक तपासला आणि मगच तो केबिनमध्ये बसला. त्या आठवड्यात वसाहतीचा पहिला रस्ता पुरा झाला.