बरणीतलं लाल तेल

बबनरावांनी कॅम्परचा गिअर 'डी'वर टाकला, तरी ती जागची हलेना. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. शेजारच्या सीटवर सुमतीबाई पाठीशी उशी धरून बसल्या होत्या. थोड्या वेळानं मागून कुणी लाथ घालावी तसा दणका बसला आणि गाडी निघाली. सरळ रस्त्यावर ती बरी चालली. पण वस्तीच्या टोकाच्या गोल चौकात स्टिअरिंग वळवलं मात्र, इंजिन एकदम किंचाळलं आणि चाकांतलं बळच गेलं. मागून येणाऱ्या सायकलवालीनं घंटी वाजवली, मान हलवली आणि वळसा घालून ती निघून गेली.

"झालं," बबनराव म्हणाले. "गॅरेजवाला म्हणत होता तेच खरं. गिअरबॉक्स संपला."

परवा रविवारी एनस्खेडेला तेजलच्या मुलीचं नामकरण होतं. लेकीची पहिली मुलगी आणि सुमतीबाईंनी तिला अजून फोनच्या काचेतच पाहिलेलं. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. अर्धा तास झाला की आडवं पडावंच लागायचं. आगगाडीत आडवं कुठं पडणार? हार्लेमहून एनस्खेडे म्हणजे डच मुलखाच्या या टोकाहून त्या टोकाला. म्हणून तर बबनरावांनी हिवाळ्यात ही सत्तरच्या दशकातली अमेरिकन कॅम्पर घेतली होती. आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन. थोडं चालायचं, थांबायचं, सुमतीबाईंनी पलंगावर पाठ टेकायची, पुन्हा निघायचं, असा त्यांचा बेत होता.

आदल्या दिवशी तेजलचा फोन आला होता. "आई, नाहीच जमलं तर व्हिडिओवर पाळणा म्हण. मी मोठ्या स्क्रीनला लावते."

"बरं," सुमतीबाई म्हणाल्या होत्या. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

कशीबशी गाडी दारात आली, तेव्हा समोरच्या घरातला गेरिट कुंपणाशी उभा होता. गेरिट आता निवृत्त झालेला. त्याच्या गॅरेजात एक जुनी अमेरिकन मोटार होती आणि तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं त्याची बायकोच सांगायची.

"बबन, तुझा हत्ती आजारी आहे म्हणे?"

"मेला म्हण," बबनराव डचमध्ये म्हणाले. "गॅरेजवाला म्हणतो भंगारात दे. आतून झिजलाय, तेलही कुठंतरी गळत असणार."

"त्यानं उघडून पाहिलं?"

"एक चक्कर मारली आणि मान हलवली."

"मान मलाही हलवता येते," गेरिट म्हणाला आणि बाह्या सरसावत आत आला.

सुमतीबाई खाली उतरून पायरीवरच्या गादीवर कुशीवर टेकल्या. बॉनेट उघडलं गेलं. गेरिटनं गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची लांब काठी, उपसली, पांढऱ्या कागदावर पुसली आणि कागद नाकाशी नेला. मग तोच कागद सुमतीबाईंपुढे धरला. "वास घ्या."

सुमतीबाईंनी वास घेतला. तेल लाल होतं, स्वच्छ. करपलेल्या फोडणीचा पत्ता नाकाला कसा लगेच लागतो, तसं काहीच जाणवलं नाही.

"जळकट नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच. आतल्या पट्ट्या झिजून घसरत असत्या तर हे तेल काळं पडलं असतं, त्याला घाण वास आला असता. हा गिअरबॉक्स मेलेला नाही. उपाशी आहे." गेरिट बबनरावांकडे वळला. "तू तेल कधी बघतोस?"

"दर रविवारी सकाळी. गाडी चालू करायच्या आधी, थंड असताना." बबनरावांचा आवाज ताठ झाला. तरुणपणी पुण्याच्या वर्कशॉपात उस्तादानं लावलेली ती शिस्त. मग गाळ उपसणाऱ्या डच जहाजांवर फिटर म्हणून आयुष्य गेलं, पण रविवार सकाळचं तेल-पाणी कधी चुकलं नाही. "आणि उपाशी कसला? दर वेळी तेल खुणेच्या वर असतं."

"खुणेच्या वर?" गेरिटनं भुवया उंचावल्या. "मग तू काय करतोस?"

बबनराव गाडीच्या चाकाकडे बघायला लागले.

सुमतीबाईंना ठाऊक होतं. त्यांची लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी कितीतरी दिवस सापडत नव्हती. दोनच दिवसांपूर्वी मागच्या शेडमध्ये, सायकलच्या पंपामागे ती दिसली होती. गच्च झाकण लावलेली, आत लाल तेल. भांडण त्यांनी नामकरण झाल्यावर करायचं म्हणून राखून ठेवलं होतं. चार माणसांत नवऱ्याचं उणं काढायचं नाही, हे त्यांनी संसारभर पाळलं होतं. त्यात हा तर परका माणूस. पण मोठ्या स्क्रीनवर पाळणा म्हणायचा, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्या काठी टेकत उठल्या. शेडमध्ये गेल्या, बरणी घेऊन आल्या आणि बॉनेटच्या कडेवर ठेवली.

"अहो, हे सांगा त्याला."

"अगं, ते..." बबनराव लालबुंद झाले. "जास्त होतं म्हणून काढलं. नळी घालून, सिरिंजनं, थोडं थोडं. तेल जास्त झालं की सील फुटतात, एवढं काय मला कळत नाही?"

गेरिटनं बरणीकडे पाहिलं, बबनरावांकडे पाहिलं, आणि गाडीला हात टेकून तो असा हसला की त्याची बायको खिडकीत आली.

"हसू नकोस रे. सांग तरी," बबनराव म्हणाले.

"बबन, साध्या गाडीच्या इंजिनाचं तेल थंड असताना बघतात. हे त्याच्या उलट. इंजिन बंद केलं की वरचं सगळं तेल निथळून खाली येतं. मग काठीवर ते जास्तच दिसणार. याचं तेल बघायचं ते गाडी फिरवून गरम झाल्यावर, इंजिन चालू असताना, समतल जागी. आणि गिअर 'एन'वर, न्यूट्रलला ठेवून. या जुन्या जातीत 'पी'वर, पार्किंगला ठेवलं तर तेल सगळीकडे पोचतच नाही."

"चालू ठेवून?" बबनरावांना ते पटेना. "चालू इंजिनात काठी?"

"चालू इंजिनात काठी."

मग बबनराव हळूच म्हणाले, "म्हणजे दर रविवारी मी तिचं रक्त काढत होतो."

"आणि माझ्या बरणीत भरत होता," सुमतीबाई मराठीत म्हणाल्या.

इंजिन चालू केलं. ते तापेपर्यंत तिघं तिथंच थांबले. गेरिटनं ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका घरातून सावकाश फिरवून आणला आणि 'एन'वर ठेवला. बबनरावांनी डिपस्टिक उपसली. टोक कोरडं. खालच्या खुणेलासुद्धा तेल शिवलेलं नव्हतं. त्यांनी ती पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. तशीच कोरडी.

"वळणावर उरलंसुरलं तेल एका बाजूला जातं," गेरिट म्हणाला, "आणि पंप हवा ओढतो. म्हणून गोल चौकात सुटते." तो घरातून नव्या तेलाचा डबा आणि लांब नरसाळं घेऊन आला आणि ओतायला वाकला, तर बबनरावांनी त्याचा हात धरला.

"थांब. गॅरेजवाला गळतंय म्हणाला होता. ते खरं का खोटं, ते आत्ताच कळेल." ते सुमतीबाईंकडे वळले. "तिची जोडीची बरणी आहे ना?"

"तीही घ्या," सुमतीबाई म्हणाल्या. "आता लोणचं काय नि तेल काय."

बबनरावांनी दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या. रिकाम्या बरणीत नवं तेल ओतलं, वाकून, एक डोळा मिटून, भरलेल्या बरणीतल्या तेलाच्या बरोबरीला आणलं. जेवढं काढलं होतं तेवढंच. मग ते नरसाळ्यातून आत गेलं, सावकाश, धार न तोडता. गेरिटनं पुन्हा दांडा सगळ्या घरांतून फिरवला. बबनरावांनी काठी घातली, काढली आणि उजेडात धरली.

तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. वर नाही, खाली नाही.

"गळत नाही!" बबनराव ओरडले. "गेरिट, एक थेंबसुद्धा गळलेला नाही! मी काढलं तेवढंच कमी होतं!"

"म्हणजे रोग तूच," गेरिट म्हणाला.

"मीच! मीच!" बबनराव असे खुशीत म्हणाले, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं.

चक्कर मारायला सुमतीबाई आपणहून पुढे चढून बसल्या. पाठ ठणकत होती, पण घरात थांबून वाट बघणं त्यांना झेपलं नसतं. 'डी'वर टाकताच गाडीनं बारीकसं अंग हलवलं आणि ती निघाली. दणका नाही, गुरगुर नाही. सरळ रस्ता गेला. गोल चौक आला. सुमतीबाईंनी दाराचं हँडल घट्ट धरलं. स्टिअरिंग वळलं, गाडी कलली, आणि इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. गाडी ओढत राहिली. बबनरावांनी बाहेर पडायची वाट सोडून दिली आणि पुन्हा वळसा घातला. मग आणखी एक.

"अहो, बास! लोक बघतायत."

"बघू दे."

"मला घेरी येतीय."

"येऊ दे," ते म्हणाले, पण पुढच्या वाटेनं बाहेर पडले. कालव्याच्या कडेला गाडी लावून त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. सुमतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खांदे हलत होते. रडतायत का हसतायत, हे त्यांनी विचारलं नाही.

मग सुमतीबाईंनी फोन काढला. "तेजल? तो तुझा मोठा स्क्रीन राहू दे. आम्ही येतोय."

पलीकडून "आई!" एवढंच, आणि मागे बाळाचं रडणं.

शनिवारी सकाळी ती दोघं निघाली. वाटेत जागोजाग थांबली. सुमतीबाई पलंगावर आडव्या व्हायच्या, बबनराव शेगडीवर चहा टाकायचे. आपेलडोर्नच्या अलीकडे एका थांब्यावर पाऊस लागला. छपरावरची टपटप ऐकता ऐकता सुमतीबाईंचा छान डोळा लागला. बबनरावांनी उठवलं नाही. उशीर झाला तरी आता काही बिघडत नव्हतं.

एनस्खेडेला पोचेपर्यंत पाठीनं मात्र सगळा हिशेब मागितला. घराच्या पायऱ्या काही त्यांना चढवेनात. त्या रात्री त्या कॅम्परमध्येच झोपल्या. रविवारी बुद्धवंदना घरात झाली ती त्यांनी उघड्या खिडकीतून ऐकली आणि पडल्या पडल्या हात जोडले. मग तेजल बाळाला घेऊन बाहेर आली, कॅम्परमध्ये चढली आणि तिनं बाळ आईच्या कुशीत ठेवलं. मागोमाग पाहुणे आले. जावयाच्या विद्यापीठातली पोरं, शेजारपाजार, कुणीतरी दोघं थेट हार्लेमजवळच्या हूफडॉर्पहून आलेले. दारातून "जय भीम, आजी" म्हणत एकेकजण डोकावत होता. आत जागा नव्हती, म्हणून सगळे बाहेर दाटीवाटीनं उभे राहिले.

बाळानं तोंडाचा चंबू केला, आजीच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

"आई, पाळणा म्हण ना," तेजल कुजबुजली. "सगळे थांबलेत."

"थांबू दे जरा," सुमतीबाई म्हणाल्या. "बघू तरी दे मला आधी."