कवळीतला किडा

बँकेशेजारच्या कोपऱ्यावर भली मोठी रांग लागली होती, पण बँकेत कुणालाच जायचं नव्हतं. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर किडेवाले काका ठाण मांडून बसले होते, आणि गाल धरलेली माणसं त्यांच्याकडे आशेने बघत होती.

"डॉक्टर काय करतो?" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चोर पकडायला घरच पाडतो. मी घराला हात लावत नाही. चोराची गचांडी धरून त्याला बाहेर काढतो."

लोकांनी माना डोलावल्या. दात म्हणजे घर आणि कीड म्हणजे चोर, एवढं ऐकल्यावर कुणाला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

स्टुलावर पहिलीतली बारकी बसली होती. तिचं दप्तर छातीशी धरून आई मागे उभी होती. आई घरीच कपडे शिवायची, म्हणून गल्ली तिला शिवणताई म्हणे.

काकांनी पाण्याने भरलेल्या परातीत एक वीट ठेवली. विटेवर तापलेला लोखंडी तुकडा, त्यावर चिमूटभर औषधी बी, आणि वर पालथं नरसाळं. नरसाळ्याच्या टोकाला लावलेली नळी त्यांनी बारकीच्या दुखऱ्या दाढेपाशी धरली. धूर सुटला, काका डोळे मिटून पुटपुटले, बारकी खोकली. मग त्यांनी नरसाळं उचललं. पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत होते.

गर्दी एक पाऊल मागे सरली आणि लगेच दोन पावलं पुढे आली.

"आईचा यात काडीचाही दोष नाही," काका म्हणाले. "किडा वाऱ्यावरून येतो. आई बिचारी काय करणार?"

शिवणताईच्या डोळ्यांत पाणी आलं. या एका वाक्यासाठी तिने काकांना मागतील ते दिलं असतं. घरी शिवणयंत्राशेजारी टॉफ्यांची बरणी होती. बारकीची भुणभुण सुरू झाली की एक टॉफी द्यायची, म्हणजे यंत्र चालू राही. कित्येकदा पोर गालात टॉफी घेऊनच कपड्यांच्या ढिगावर झोपायची. झोपलेल्या लेकराला दात घासायला काय उठवायचं, असं आई स्वतःला समजावायची. खरं म्हणजे तिला हातातलं शिवण संपवायचं असे. हे सगळं तिला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला किडा हवा होता.

"आता एकच," काकांनी बारकीकडे बोट रोखलं. "शहाण्यासारखं वागायचं. वाईट वागलीस की किडा परत येणार, आणि या खेपेला थेट पोटात उतरणार."

बारकीने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

त्या दिवशी दाढ दुखायची थांबली. शिवणताईचं मन पिसासारखं हलकं झालं. मापं घेता घेता ती येणाऱ्या प्रत्येकीला काकांचा पत्ता देऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या वहिनीही आपल्या मुलाला न्यायचं म्हणाल्या. बारकीने विचारलं, "किडा गेला, मग ब्रश कशाला?" आईने यंत्र पुढे चालवलं, आणि बरणी होती तिथेच राहिली.

सासूबाईंची हिरडी बरेच दिवस ठुसठुसत होती. "माझंही बघू दे त्याला," म्हणत त्या सुनेला घेऊन कोपऱ्यावर गेल्या. पुन्हा वीट, धूर, पुटपुट. परातीत बारकीपेक्षाही जास्त किडे निघाले.

"आजी, दाढा पार पोखरल्यात तुमच्या," काका म्हणाले.

आजींनी शांतपणे तोंडातून कवळी काढून तळहातावर ठेवली. "कुठली दाढ ती दाखव बाबा. हे सगळे विकतचे आहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पण काका मुरलेले होते. "हिरडीचा किडा आहे हा. दात गेले तरी तो राहतो."

आजी सुनेकडे बघू लागल्या. शिवणताईला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तरी ती खाली बघून म्हणाली, "असेल हो, हिरडीचा असेल."

चारचौघांत असं बोलल्याची तिला लाज वाटली. पण किडा खोटा ठरला असता तर मग खरं काय, हे तिला बघायचं नव्हतं.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी बारकी उठली तेव्हा तिचा गाल टम्म सुजला होता आणि अंगात ताप होता. शिवणताईने हातातलं काम टाकलं आणि तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दुखत होतं का गं?" बाईंनी विचारलं.

बारकी नाही म्हणाली. बाईंनी हिरडीला नुसतं बोट लावलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"झोपताना काही गोड खाते का?"

शिवणताईने बरणीचं सांगितलं, कपड्यांच्या ढिगाचं सांगितलं, किडेवाल्या काकांचंही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. "साखर तोंडात राहते, जंतू तिचं आम्ल करतात, आम्ल दात पोखरतं. अळी कुठेच नसते," त्या म्हणाल्या. "ते बी तापलं की तडकतं आणि आतला कोंब उडून पाण्यात पडतो. तोच तुमचा किडा. धुराने घटकाभर बधिरपणा येतो, एवढंच. आत पू साठत राहतो."

दाढ काढावी लागली. निघताना बाईंनी दातांच्या फटीत घालायचा दोरा दाखवला. "तुमचा शिवणाचा नको हं, हिरडी कापेल. हा वेगळा मिळतो. ब्रश फटीत पोचत नाही, तिथलं हा काढतो. पोरं लहान आहेत तोवर हे आपणच करायचं."

परतताना कोपऱ्यावर गर्दी होतीच. स्टुलावर वहिनींचा मुलगा बसत होता. वहिनींच्या कानात सांगून भागलं असतं. पण इथे उभी असलेली निम्मी माणसं आपणच धाडलेली आहेत, हे तिला आठवलं. तिने मुलाला खाली उतरवलं, काकांच्या पुडीतलं बी चिमूटभर उचलून तापल्या लोखंडावर टाकलं आणि वर नरसाळं पालथं घातलं. नळी कुणाच्याच तोंडात नव्हती.

"ओ बाई, गुरूचा कोप होईल," काका उठत म्हणाले.

"होऊ दे."

तडतड झाली. तिने नरसाळं उचललं. पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगत होते.

"सांगा, हे कुणाच्या दाढेतले?"

काका मुकाट्याने पुडी खिशात घालू लागले.

वहिनींनी हळूच विचारलं, "मग बारकीच्या दाताला काय झालं होतं?"

याच प्रश्नाला ती इतके दिवस भ्याली होती. "मी टॉफ्या देऊन निजवत होते आणि दात घासत नव्हते," ती म्हणाली. "तुम्हाला इथे मीच पाठवलं. आता मुलांना डॉक्टरांकडे न्या. आणि रोज झोपायच्या आधी त्यांचे दात घासा, झोपली असली तर उठवून घासा."

त्या संध्याकाळी जेवणानंतर आईने बारकीला आरशासमोर उभं केलं. रिकाम्या जागेला न दुखवता हळू ब्रश फिरवला, मग फटीफटीतून दोरा घातला. दोऱ्यावर मऊ भाताचा कण आला. बारकीने तो निरखून पाहिला.

"आई, मला दुखत होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही."

"का गं?"

"मी काहीतरी वाईट वागले असणार ना, म्हणून तो परत आला. काय वागले तेच मला आठवत नव्हतं."

आईच्या हातातला दोरा तसाच राहिला. आपल्या अंगावरचं ओझं काकांनी उतरवलं होतं खरं, पण ते कुणाच्या अंगावर ठेवलं होतं हे तिला आता दिसलं. ती खाली बसली आणि बारकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"किडा नव्हताच, बाळा. आणि चूक तुझी नव्हती, माझी होती. दुखलं की मला सांगायचं, लगेच सांगायचं."

बारकीने थोडा विचार केला. मग तिने पुन्हा आ केला आणि बोटाने दाखवलं, "इथे थोडं दुखतंय."