माळवदाची माती

परसातली जागा शिवगंगेला मिळाली, पण गोठा उभा राहीपर्यंतच. बेंबळी गावातल्या तिच्या सासरच्या घरामागं बरीच मोकळी जमीन होती. सासरे महालिंगप्पा तिथं बैलांसाठी गोठा घालणार होते. खांबांसाठी लाकडी मेढी आणून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"नागपंचमी होऊन जाऊ दे, मग खड्डे घेऊ," ते म्हणाले. "तवर सूनबाईला काय लावायचं ते लावू दे. दुकानदाराची पोर हाय, बी तोलून पेरंल."

सासू शांताक्का हसली. शिवगंगा हसली नाही. तेर गावी वडिलांच्या किराणा दुकानात ती वाढली होती. धने जुने की नवे हे तिला वासावरून कळे, पण मातीत तिनं कधी हात घातला नव्हता. लढाईची वर्षं होती. बाजार भरला तर भाजी, नाही तर भाकरीबरोबर चटणी. सासरी आल्यापासून तिच्या मर्जीनं चालेल असं घरात काही नव्हतं. ही जागा चालली असती. ती हातची जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

परसातली जमीन काळी, ढेकळांची, खापरांनी भरलेली. कडेला मात्र एक ढीग होता, पांढुरक्या, चाळलेल्या, पिठासारख्या मऊ मातीचा. गडी हरिबानं तो गढीजवळून गाडीनं आणला होता. तेरच्या दुकानावर पत्रे होते, त्यामुळं ही माती कशासाठी असते हे शिवगंगेला ठाऊक नव्हतं. एवढी मऊ माती बियांसाठीच असणार, असं समजून तिनं अर्धा ढीग वाफ्यांत ओतला. भेंडी, गवार, दोडका लावला, वरून हातानं थापून सारखं केलं आणि पाणी घातलं.

पाणी थाळीत साचल्यासारखं वर उभं राहिलं, मग कडेनं वाहून गेलं. रोज तसंच. उन्हानं वाफ्यावर पापडी धरली. एका कडेला पांढरी माती पुरली नव्हती, तिथं ढेकळांतून गवारीचे दोन-चार कोंब वर आले. बाकी काही नाही.

पाऊस लागल्यावर एका सकाळी महालिंगप्पा पूजेला बसले होते. तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. आणि माळवदातून, घराच्या मातीच्या सपाट छतातून, गढूळ पाण्याचा थेंब थेट त्यांच्या मनगटावर पडला. मग दुसरा.

"हरिबा! औंदा माळवदावर माती टाकली का न्हाय?"

"टाकली की मालक. पर ढीगच अर्धा हुता."

शिवगंगा दाराआड उभी होती. सासऱ्यांशी ती समोरासमोर बोलत नसे. "आत्याबाई," ती शांताक्काला म्हणाली, पण ऐकू जाईल अशा आवाजात, "म्या घेतली. वाफ्यात घातली."

शांताक्का आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली. "अगं बाई, पाणी आत शिरू न्हाय म्हणून घालत्यात ती माती! तू तर बियांवर माळवद घातलंस!"

महालिंगप्पा हसले नाहीत. "समदी वर गेली पायजे. आन् पंचमी झाली की खड्डे. बास झाली ही हौस."

पाऊस उघडल्यावर शिवगंगा पाट्या भरून देऊ लागली, हरिबा शिडीवरून वर नेऊ लागला.

"बी निवडून दे गं," शांताक्का ओसरीतून म्हणाली, "न्हायतर भेंडी तोडायला माळवदावर चढावं लागंल."

बिया निवडता निवडता शिवगंगा थांबली. काही सडल्या होत्या, पण पुष्कळांना कोंब फुटले होते. वर यायला वाट न मिळून ते पापडीखाली वेटोळे होऊन पडले होते, पांढरेफटक. म्हणजे बी खोटं नव्हतं. तिचा हातही वाईट नव्हता. माती चुकली होती.

या वेळी तिनं घाई केली नाही. तीन फुटकी गाडगी घेतली. एकात नुसती काळी माती, दुसऱ्यात ताजं शेण मिसळून, तिसऱ्यात उकिरड्याच्या तळचं जुनं, भुसभुशीत खत मिसळून. तिन्हींत मेथी टाकली. पहिल्यात ती उगवली पण किडमिडी राहिली. दुसऱ्यात कोंबांची टोकं जळाली. तिसऱ्यातली बघून शांताक्का म्हणाली, "हे कुणी शिकिवलं?"

"गाडग्यांनी."

मग तिनं रिकाम्या वाफ्यांत तिसऱ्या गाडग्यासारखी माती केली आणि पुन्हा बी लावलं. सांडपाणी उताराला कुठं जातं ते बघून वाफ्यांची तोंडं तिकडं फिरवली. दोडक्याला तांबडे भुंगेरे लागले, पानांची चाळण झाली, तो गेलाच. पण मेथी दोनदा खुडून झाली, आणि पंचमीच्या आधी भेंडीला पिवळी फुलं आली. जेवताना महालिंगप्पांनी मेथी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पंचमीला कुणी जमीन उकरली नाही, विळा-खुरपं हातात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच हरिबा पहार घेऊन परसात आला. मागं महालिंगप्पा.

"कुठं घेऊ मालक?"

ते भेंडीकडं बघत उभे राहिले. झाडांना कोवळ्या भेंड्या लागल्या होत्या. शिवगंगा बाहेर आली. शांताक्का दारात होती, तरी या खेपेला शिवगंगा तिच्याकडं वळली नाही. पदर सारखा करून म्हणाली,

"मामंजी, गोठा पायजेच."

"पायजे?"

"व्हय. पर वरच्या अंगाला, भिंतीकडं. गोठ्याचं पाणी उतारानं वाफ्यात येईल. शेणही लांबून व्हायला नको, हितंच कुजवीन. गोठा मधोमध आला तर दोन्हीचं नुकसान."

हरिबानं पहार टेकवली. महालिंगप्पा उताराकडं बघून आले, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले.

"दावणीला जागा कमी पडंल."

"एका बैलाची. तेवढी वाफ्याची बाजू मी सोडते."

"बघ," ते शांताक्काला म्हणाले, "दुकानदाराची पोर. देतानाबी घिऊनच बसली." आणि हरिबाकडं वळले. "भिंतीकडं घे. पर सूनबाई, ही कडंची भेंडी रेघंत येतीया. ती काढावी लागंल."

"काढते."

शिवगंगेनं खुरपं आणलं. फुलावर आलेलं झाड दुसरीकडं हलवल्यावर जगतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिनं पहिल्या झाडाभोवती आधी पाणी मुरवलं, मग मुळांपासून लांब धरून माती कापत गेली.