साडेदहाची चिठ्ठी

उसाला पाणी पाजत असताना आकारामला निरोप मिळाला. सांगलीहून आलेला माणूस बांधावर उभा राहूनच म्हणाला, "आदगोंडाआण्णांनी अन्न सोडलंय. तुमाला बलवलंय."

आकारामनं खोरं तिथंच टाकलं. जैनाच्या माणसाबरोबर बावीस वर्षं मुलूख पालथा घातलेल्याला अन्न सोडलं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आण्णाच्या पोटात गाठ झाली होती, मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि आता आण्णानं मुनी महाराजांकडून सल्लेखना घेतली होती. मरण दारात आलंच आहे तर त्याच्या नावानं रडत बसायचं नाही. आधी धान्य सोडायचं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. आणि हे करताना भेटेल त्याची क्षमा मागून मोकळं व्हायचं. मनात एवढासाही काटा ठेवायचा नाही.

काटा आकारामकडंही होता आणि तो आण्णाच्याच नावाचा होता.

उंब्रज सोडून एस.टी. कराडच्या रस्त्याला लागली तरी तो त्याच विचारात होता. आता सन अठ्ठ्याहत्तर चाललं होतं. दोघांचा 'कृष्णाकाठ ऑर्केस्ट्रा' बंद पडून दोन वर्षं झाली होती. एके काळी त्याचा बोर्ड लागला की सातारा-सांगलीचे लोक भाकरी अर्धी टाकून उठत. आदगोंडाआण्णा अकॉर्डियन वाजवायचा आणि आकाराम ड्रम. ड्रम वाजवायचा हे आपलं म्हणायला. ट्रक ठरवण्यापासून रुसलेल्या गायकाची समजूत घालण्यापर्यंत सगळी मोळी त्याच्याच डोक्यावर असायची. निरोपही त्याच्याकडंच यायचे. तसा आण्णाचाच नियम होता: कार्यक्रम चालू असताना कुणाचा बाप मरो नाहीतर कुणाला मुलगा होवो, निरोप स्टेजवर पोचता कामा नये. तो आकारामनं खिशात ठेवायचा आणि पडदा पडल्यावर द्यायचा.

सहासष्ट साली साताऱ्यात, सकाळच्या कार्यक्रमात, सांगलीच्या पहिल्या गाडीचा कंडक्टर स्टेजमागं आला आणि त्यानं दोन गाण्यांच्या मधे, मागूनच, आकारामच्या हातात चिठ्ठी दिली. साडेदहा वाजले होते. चिठ्ठी आण्णाच्या बायकोची, शालनवैनीची. 'मालाला ताप लय चढलाय. हाय तसं निघून या.' माला त्यांची सात वर्षांची मुलगी. अकराची परतीची गाडी समोरच्या स्टँडवर उभी होती. आण्णा तीत बसला असता तर तीनपर्यंत घरी पोचला असता. आकारामनं चिठ्ठी खिशात घातली आणि दोन वाजता, कार्यक्रम संपल्यावर, "आण्णा, आत्ताच आली," म्हणून दिली. ट्रक सांगलीत शिरला तेव्हा दिवे लागले होते आणि माला गेली होती.

नियम तर होताच. पण खरं बोलायचं तर आकारामला नियमाची आठवण नंतर झाली. त्या दिवशी ड्रम कधी नव्हे असा लागला होता, अख्खा मांडव उठून उभा राहिला होता, आणि त्याला ते मोडायचं नव्हतं. हे त्यानं बारा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायचं, असं ठरवूनच तो सांगलीच्या स्टँडवर उतरला.

आण्णा मधल्या खोलीत चटईवर होता. अंगावर पांढरं धोतर, हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळे मात्र लख्ख. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. कोण पाया पडत होतं, कोण नुसतं बघून जात होतं. आण्णाच्या दुकानातले हमाल आले, त्यांना आण्णा म्हणाला, "क्षमा करा." दूधवाला आला, त्यालाही तेच. शालनवैनी उंबऱ्याशी बसून होती. आकारामला बघून तिनं पदर सारखा केला. ती कमीच बोलायची.

"आलास व्हय रं गड्या?" आण्णा म्हणाला. "मनानं, वाचेनं, कायेनं तुला कवा दुखावलं आसंल तर क्षमा कर."

"आवं आण्णा, तुमी कशापायी..."

"म्हण बाबा. म्हटल्याबिगर सुटत न्हाई."

"केली," आकाराम म्हणाला.

गर्दी पांगली. वैनी ताक गाळायला आत गेली. आण्णानं आकारामला जवळ बोलावलं. "तुला का बलवलं म्हाइत हाय? घर सुटलं, दुकान सुटलं, जिभंची चव सुटली. हे वाजीवनं तेवढं सुटंना झालंय. डोळं मिटलं की टाळ्या ऐकू येत्यात. महाराज म्हणालं, जे सुटत न्हाई ते एकडाव धड बघून घ्या, आन् मग सोडा. तुझ्यावानी कार्यक्रम कुणाच्या ध्येनात हाईत? तू सांग, मी ऐकतो आन् सोडतो."

"कुठला सांगू?"

"लोणंद सांग."

आकारामला हसू आलं. लोणंदला स्टेज रेल्वेच्या गोदामालगत होतं. गायक लालासाहेब गाण्याचं दुसरं कडवं म्हणतोय तोवर मालगाडीच्या इंजिनानं अशी लांबलचक शिट्टी मारली की गाणं बुडालंच. आण्णानं काय करावं? त्यानं अकॉर्डियनवर तोच सूर धरला आणि इंजिनाला उत्तर दिलं. ड्रायव्हर रंगेल होता. त्यानं परत शिट्टी दिली. आण्णानं परत उत्तर दिलं. पाच वेळा हे झालं आणि पब्लिकनं टोप्या उडवल्या.

"आन् मग दगड उडीवलं," आण्णा म्हणाला.

तेही खरं होतं. कुणीतरी मधेच स्टेजवर चढून लालासाहेबाच्या कानात सांगितलं की तुझा बाप गेला. लालासाहेब माईकपुढंच मटकन बसला. लोकांना काय माहीत? त्यांना वाटलं गडी पिऊन आलाय. दगड आले, बल्ब फुटले. तिथंच आण्णानं निरोपाचा तो नियम केला होता.

"सोडलं लोणंद," आण्णा म्हणाला. "आता तुझं गाव."

उंब्रजला भर कार्यक्रमात लाईट गेली. माईक मेला, गिटार मुकी झाली. लोक उठायला लागले तसा आण्णा अकॉर्डियन घेऊन थेट माणसांत उतरला, मागं गळ्यात बोंगो अडकवून आकाराम. दोघं वाजवत वाजवत बायकांच्या घोळक्यापर्यंत गेले. तिथं आकारामची आई राहीबाई बसली होती. पोरानं फौजेत जायचं सोडून ढोलकं बडवायचा धंदा धरला म्हणून तिनं तीन वर्षं अबोला धरलेला. आण्णा तिच्यापुढं गुडघे टेकून वाजवायला लागला. म्हातारी किती वेळ तोंड फिरवून बसणार? शेवटी पोराकडं बघून बोलली, "वाजीव की मग नीट. खांदं पाडून काय वाजीवतोस?" आकारामला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

आण्णा हसला. हसताना त्याच्या पोटात कळ आली. ती जाईपर्यंत आकाराम थांबला.

"उंब्रज सोडलं," आण्णा म्हणाला. "आता सातारा."

आकारामनं सुरुवात केली. माजी सैनिकांचा मेळावा, सकाळी दहाचा कार्यक्रम, मांडवात पाय ठेवायला जागा नाही. आण्णानं स्वतः बांधलेली धून तीन वेळा वाजवावी लागली. पुढच्या रांगेतला लाकडी पायाचा सुभेदार कुबडीनं ताल धरत होता आणि त्याच्या मागची अख्खी पलटण टाळ्या वाजवत होती. पहिल्यांदा धून झाली ती सव्वादहाला, दुसऱ्यांदा झाली ती... आकाराम साडेदहाशी आला आणि अडला.

"का थांबलास?"

"आठीवतोय, आण्णा."

आण्णानं त्याचा हात धरला. हातात जोर नव्हता. "मीच सांगतो. हाच सुटंना रं मला. हजार कार्यक्रम केलं, पर आसा एक न्हाई. आन् त्याच दिशी माझी माला गेली. पोरगी तिकडं तळमळतीया आन् बाप इकडं धून वाजीवतोय. त्या दिसाचं वाजीवनं ग्वाड लागतं आन् ग्वाड लागलं म्हणून लाज वाटती. मग मनाला समजावतो, आदगोंडा, तुला कुठं ठावं व्हतं? चिठ्ठी दोनला आली. त्याआधी वाजीवलं त्यात पाप न्हाई." त्यानं आकारामकडं बघितलं. "दोनलाच आली न्हवं रं?"

हेच सांगायला तो उंब्रजहून आला होता. वाटेत शब्द जुळवले होते, कासेगावपाशी एकदा मनातल्या मनात म्हणूनही बघितले होते. खरं सांगितलं तर त्याचा काटा निघणार होता आणि या मरत्या माणसाच्या काळजात रुतणार होता. उपटायला त्याच्याकडं दिवस कुठं उरले होते?

"व्हय आण्णा," आकाराम म्हणाला. "दोनलाच."

आण्णानं मोठा श्वास सोडला. "मग सुटलं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. त्याचा चेहरा इतका निवांत झाला की आकारामला तिथं बसवेना.

मागच्या सोप्यात शालनवैनीनं पान वाढलं होतं. "भाकरी ऊन हाय तवर जेवून घ्या," ती म्हणाली. आकाराम पानावर बसला, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी सहासष्ट साली धाडलेली चिठ्ठी मला साडेदहालाच मिळाली व्हती. मी आण्णास्नी दिली न्हाई. कार्यक्रम मोडंल म्हणून खिशात ठिवली. दोनला आली म्हणून खोटं सांगितलं. आत्ता आत बी खोटंच सांगून आलोय. मला काय बोलायचं ते बोला."

वैनी उभी होती ती भिंतीला टेकली.

"कंडक्टर दुसऱ्या दिशी घरी आला व्हता," ती म्हणाली. "म्हणाला, ऑर्केस्ट्रातल्या माणसाच्या हातात साडेदहालाच दिली. आन् हे म्हणालं, दोनला मिळाली. मी काय समजायचं? मला वाटलं, ह्यांनी वाचली आन् टाळ्यांपायी तशीच ठिवली. वर माझ्या तोंडावर खोटं बोलत्यात."

"आवं, त्यास्नी एका शब्दानं इचारायचं तरी."

"काय इचारू? पोरगी चार वाजेस्तवर आण्णा आलं का, आण्णा आलं का म्हणत व्हती, मग गेली. मला इचारायचं बी न्हवतं." तिनं पाण्याचा तांब्या पानाशी ठेवला. "बारा वर्षं ह्यांच्या पानात वाढलं. पर ह्यांनी मालाचं नाव काढलं की मी उठून जायची. मग ह्यांनी नाव काढायचंच सोडलं. दहा दिसांमागं माझी क्षमा मागितली. मी केली म्हटलं, नुसतं तोंडानं."

आकारामला वाटत होतं की त्यानं एका माणसाचे चार तास चोरले. त्यानं एक अख्खा संसार चोरला होता, आणि ते त्याला आज, भाकरीचा तुकडा हातात असताना कळत होतं. तो रडायला लागला. "वैनी, क्षमा करा."

"तुमचं मागाहून बघू," वैनी म्हणाली. "आधी मला आत जाऊ द्या."

"आण्णास्नी सांगू नका, वैनी. लय अवघडानं सुटलंय त्यांचं."

"मला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली, डोळे पुसले आणि आत गेली. आकाराम मागोमाग दारापर्यंत गेला.

ती चटईजवळ बसली. हात जोडून म्हणाली, "मनानं, वाचेनं, कायेनं तुमाला दुखावलं. क्षमा करा."

आण्णानं डोळे उघडले. "आगं, आपलं झालं की दहा दिसांमागं."

"तवा झालं न्हवतं. आज करा."

"केली, केली," आण्णा म्हणाला. मघाशी हमालांना, दूधवाल्याला 'क्षमा करा' म्हणाला होता, त्याच सुरात. कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या मनात आता कुणाबद्दल काही उरलं नव्हतं.

वैनी जरा पुढं सरकून हळूच म्हणाली, "वाईच मालाचं बोला की माझ्याजवळ."

आण्णा तिच्याकडं बघत राहिला. ओळखीच्या माणसाकडं गाडीतून बघावं तसं बघत राहिला. "माला सुटली गं," तो म्हणाला. "तिचं बोलायला कुणी न्हवतं. एकट्यानंच समदं आठीवलं आन् काल सकाळी सोडली." आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

शालनवैनी तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं मान वळवून दाराकडं बघितलं.

"भावजी, ती तुमच्या म्होरंच खेळायची न्हवं? तालमीला मधेमधे यायची. तुमच्या तर समदं ध्येनात ऱ्हातं. तुमी सांगा."

आकाराम तिच्यासमोर येऊन बसला. त्यानं डोळे मिटले आणि आठवायला लागला. लोणंदची मालगाडी आठवली, उंब्रजची गेलेली लाईट आठवली, साताऱ्याच्या सुभेदाराची कुबडी आठवली, कुठल्या गावात कुठलं गाणं किती वेळा झालं तेही आठवलं. मालाचा चेहरा काही केल्या आठवेना. वैनी वाट बघत होती.