विनंती करील

तेवीस वर्षं मी केंद्र सरकारच्या कचेरीत टायपिस्ट आहे आणि तेवीस वर्षं एकच वाक्य बडवतेय: प्रांतास विनंती करण्यात येते की. हुकूम द्यायची सोयच नाही आमच्या सरकारला. जुन्या घटनेप्रमाणे केंद्राने विनवण्या करायच्या आणि प्रांतांनी त्या केराच्या टोपलीत टाकायच्या.

महिन्यापूर्वी किनाऱ्याच्या प्रांताने आपल्या हद्दीवरचे नाके बंद केले. औषधांचे ट्रक तिथल्या बंदरावरच अडले, आणि त्यात माझ्या दादाची इंजेक्शनं. सरकारने सात पत्रं पाठवली, सातही मीच टाइप केली. दादाकडे आता चार दिवसांची इंजेक्शनं उरलीत.

म्हणून नव्या घटनेचा मसुदा टेबलावर आला तेव्हा मला खरंच हुरूप आला. कलम बारा: औषधांची वाहतूक अडल्यास केंद्र प्रांतास आदेश देईल. अगदी मन लावून टाइप केलं. ज्या प्रांताला नवी घटना मान्य नसेल तो देशातून बाहेर, असं आधीच ठरलं होतं. नऊही प्रांतांच्या प्रतिनिधींनी प्रत वाचली आणि माना डोलावल्या. ही भांडकुदळ मंडळी इतक्या सुखासुखी कशी तयार झाली, याचंच नवल वाटलं.

मतदानाच्या सकाळी प्रत पुन्हा चाळली आणि पायाखालची जमीन सरकली. केंद्र प्रांतास विनंती करील. मेल्या बोटांनी सवयीने तेच बडवलं होतं.

तशीच घटना समितीच्या अध्यक्षांकडे धावले. चूक माझी, नोकरी गेली तरी चालेल, म्हटलं. म्हातारा चष्मा काढून डोळे चोळत बसला.

"बाई, मला वाटलं, प्रांतवाल्यांनीच गुपचूप घातलाय तो शब्द. मी मुद्दाम गप्प बसलो. किनाऱ्याचा माणूस त्या एका शब्दावर तयार झालाय."

"तसंच ठेवलंत तर आठवं पत्रही मलाच टाइप करायचंय," मी म्हटलं.

त्यांनी दुरुस्ती सभागृहात वाचून दाखवली. किनाऱ्याच्या प्रतिनिधीने पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारली आणि तो चालता झाला. बाकी आठांनी हात वर केले. घटना मंजूर झाली, टाळ्या पडल्या. मला रडू आवरेना.

तासाभराने वहिनीचा फोन आला. तिने बातमी ऐकली होती. आता ट्रक सुटणार ना, कधी सुटणार, म्हणून हरखून विचारत होती.

"वहिनी, बंदर आता आपल्या देशात नाही," मी सांगितलं. "आणि ते माझ्यामुळे झालं."

मागून दादा विचारत होता, कुणाचा फोन आहे.