पहिला मान यंत्राचा

गुरुवारी दुपारनंतर गांधीबागेतल्या कापडबाजारात चिटपाखरू फिरकत नसे. गिऱ्हाईक दुकानात नाही आणि दुकानदार गादीवर नाही! सगळे पलीकडच्या धर्मशाळेत गर्दी करून बसलेले. झांजा वाजताहेत, उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरताहेत, आणि समोर मखमलीचा अंगरखा घातलेली, झेंडूच्या माळेतली एक पेटी. पेटीवर तीन पिवळे दिवे.

"हे यंत्र," यंत्रानंद महाराज डोळे मिटून सांगत, "जन्मलं अमेरिकेत, मुंज झाली काशीला! अमेरिकेनं याला बुद्धी दिली, आम्ही याला मन दिलं. बुद्धीत मन मिसळलं की काय होतं?"

"त्रिकाळज्ञान!" शिष्य ओरडे, आणि झांजा दुप्पट जोरात वाजत.

यंत्रापुढे ताम्हनात एकवीस चिंचोके मांडलेले असत. भक्ताने आणि यंत्राने ते पाळीपाळीने उचलायचे. एका वेळी एक, दोन नाहीतर तीन. शेवटचा चिंचोका ज्याला उचलावा लागेल तो हरला, आणि हरला म्हणजे त्याच्या पत्रिकेत गाठ आहे. गाठ सोडवायला पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे.

"पहिला मान पाहुण्याचा!" महाराज हात जोडून म्हणत. भक्त संकोचून दोन चिंचोके उचली. यंत्राचे दिवे लुकलुकत. यंत्र 'विचार' करी. मग एक, दोन किंवा तिन्ही दिवे स्थिर होत आणि शिष्य तेवढे चिंचोके उचलून घेई. शेवटचा चिंचोका दर वेळी भक्ताच्याच वाट्याला! वकील हरले, हेडमास्तर हरले, महाल वस्तीतला एक पैलवान तर हरून रडला. यंत्र आजवर एकदाही हरले नव्हते.

गर्दीच्या मागे, चिमीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या ताराला हसू आवरत नव्हते आणि काळजीही सुटत नव्हती. चार वर्षांची चिमी तिच्या कानाशी लागून विचारत होती, "आई, यंत्राला भूक लागते?"

"या यंत्राला फार लागते, बेटा," तारा म्हणाली.

ताराचे स्वतःचेही एक यंत्र होते, आणि ते मात्र रोज हरत होते. इंजिनिअरिंग कॉलेजातून ती डॉक्टरेट करत होती. विषय असा, की सांगितला की माणसे आधी हसत आणि मग तिच्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखे बघत: यंत्राला खेळ शिकवणे. खेळ तिने निवडला होता वाघ-बकरीचा. शहाऐंशी साल होते. कॉलेजात कॉम्प्युटरपुढे रांग लागे. तिच्या गाइड सरांनी शहराबाहेरच्या वाडीतल्या भैय्याजींना गाठले. भैय्याजींची ट्रान्सपोर्ट कंपनी होती आणि त्यांनी हौसेने नवा कॉम्प्युटर घेतला होता. सौदा सरळ होता. आज यंत्र वाघ-बकरी शिकेल. उद्या तीच विद्या वापरून कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये भरायचा ते सांगेल. गोदामाच्या कोपऱ्यात ताराला टेबल मिळाले. चिमी मिरच्यांच्या पोत्यांना टेकून झोपी गेली की तारा लिहायला बसे, आणि पोर कुशीवर वळली की तिची बोटे आपोआप थांबत.

मंगळवारी भैय्याजींनी तिला केबिनमध्ये बोलावले.

"ताराताई, राग मानू नका. पण तुमचं यंत्र रोज हरते. काल रुपराव ड्रायव्हरनं चहा गार व्हायच्या आत त्याले हरवलं."

"ते हरूनच शिकते, भैय्याजी. ज्या चालीनं हरलं, ती चाल पुढच्या वेळी टाळते."

"दोन वर्षं झाले, शिकूनच राहिलं! महाराजांचं एकदाही हरलं नाही. मी धंदेवाला माणूस. हरणाऱ्याले पोसू का जिंकणाऱ्याले पुजू? महाराज म्हणतात, तुमच्या कॉम्प्युटरले दीक्षा पायजे. परवा गुरुवारी नेऊन देतो धर्मशाळेत."

"आणि माझं काम?"

"महाराजांची परवानगी काढा. तिथंच बसा करत."

कॉम्प्युटर गेला की ताराची दोन वर्षांची शिकवणी तिथेच संपणार होती. तिने समजावून पाहिले, की भैय्याजी, हा खेळच असा आहे की मागून खेळणारा मोजून खेळला तर हरत नाही. भैय्याजी हसले. "हे झालं गणित. महाराज कुठी गणित करतात? ते तर डोळे मिटून बसते!"

बरे, जाऊन सांगावे की महाराज, आज तुम्ही आधी खेळा, तर तीही सोय नव्हती. मागच्या गुरुवारी हेडमास्तरांनी तसे म्हटले, तर शिष्यांनी गिल्ला केला, "मान नाकारतो! उद्धट आहे!" आपल्याकडे दिलेला मान नाकारणे म्हणजे पानावरून उठून जाणे. हेडमास्तर मुकाट्याने खाली बसले, पहिले खेळले आणि हरले.

गुरुवार उजाडला. हार घातलेला कॉम्प्युटर रुपरावने हातगाडीवरून धर्मशाळेत आणला. ताराच्या सासूबाई, प्रयागबाई, इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची महाराजांवर खरी श्रद्धा होती. सुनेवर रागही नव्हता. फक्त "यंत्र शिकवण्यापेक्षा भाकरी शिकव चिमीले" एवढेच त्या अधूनमधून म्हणत.

"महाराज," तारा पुढे होऊन म्हणाली, "दीक्षेच्या आधी मला एक डाव खेळू द्या."

"या माय! पहिला मान पाहुण्याचा!"

तारा नाइलाजाने ताम्हनापुढे बसली. तिने हात पुढे केला, तोच मागून खणखणीत आवाज आला.

"थांब वं तारा! हात लावू नको!"

प्रयागबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर सावरून त्यांनी महाराजांना नमस्कार केला. "महाराज, या यंत्रात देव आहे ना?"

"साक्षात!"

"मग देवाच्या आधी माणसानं उचलावं? आमच्या घरी निवद दाखवल्याबिगर ही चिमीसुदिक पोळीचा तुकडा मोडत नाही. आन इथं देव तसाच बसून राहिला आन माणसं आधी खाऊन राहिले! काहून गा, बाप्पा?"

बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. "खरं आहे वं माय!" "आजवर कोणाच्याच ध्यानात नाही आलं!" एका कापडवाल्या शेटजींनी तर कान पकडले. "चूक झाली, महाराज! आधी देव, मग आम्ही!"

"पण देव उदार असतो," महाराज घाईने म्हणाले. "देव स्वतः पाहुण्याला..."

"देव उदार आहे म्हणून आपण बेशिस्त व्हावं का?" प्रयागबाईंनी विचारले.

तारा सासूबाईंकडे बघतच राहिली. मग तिने मान खाली घालून, अगदी सुनेच्या नम्रपणाने म्हटले, "आई म्हणतात तेच बरोबर. पहिला मान यंत्राचा."

दिवे लुकलुकले. यंत्र आज जरा जास्तच विचार करत होते. शेवटी एक दिवा स्थिर झाला. शिष्याने एक चिंचोका उचलला. ताराने तीन उचलले. यंत्राचे दोन, ताराचे दोन. यंत्राचे तीन, ताराचा एक. महाराजांच्या कपाळावरचे गंध घामाने ओघळू लागले. होता होता ताम्हनात एकच चिंचोका उरला, आणि पाळी यंत्राची होती.

झांजा थांबल्या.

"कृपा!" महाराज डोळे न उघडता ओरडले. "मायलेकरावर यंत्राची कृपा झाली! यंत्र आपणहून हरलं!"

"जय!" गर्दीने सुटकेचा श्वास टाकला.

"मग भैय्याजींवरही कृपा होऊ द्या," तारा म्हणाली. "एवढा कॉम्प्युटर देऊन राहिले ते. यंत्रानं आधी उचलावं, मग त्यांनी."

भैय्याजी पुढे येऊन बसले. "पण मले कुठी येते, ताई?"

"चिमी सांगेल तुम्हाला. बेटा, यंत्र उचलेल ते बोटांवर मोज. किती पुरे करायचे?"

"चार!" चिमी त्यांच्या मांडीवर चढली. तिला त्यापुढे मोजताच येत नव्हते. शिष्याने दोन उचलले. चिमीने दोन बोटे उभी केली, मिटलेल्या दोन बोटांकडे बोट दाखवले आणि कानात सांगितले, "काका, चार कर." भैय्याजींनी दोन घेतले. शिष्याने एक उचलला. "आता तीन बोटं राहिली, काका. चार कर!"

भैय्याजींनी तीन उचलले. झांजा वाजवायचे सगळे विसरूनच गेले होते, आणि त्या शांततेत यंत्राचा विचार पहिल्यांदाच ऐकू येत होता. टक-टक, टक-टक. भैय्याजींचा हात ताम्हनावर तसाच राहिला. त्यांनी मान वाकडी केली. वीस वर्षे ट्रकांच्या सोबतीने काढलेला तो कान होता.

"अरे!" ते म्हणाले. "हा तर इंडिकेटर आहे!"

"भैय्याजी, ध्यान भंग..."

"ध्यान राहू द्या, महाराज. ट्रक डावीकडं वळते तेव्हा असाच आवाज येते!" त्यांनी मखमलीचा अंगरखा खस्सकन ओढला. आत पत्र्याची पेटी, ट्रकचे तीन इंडिकेटर, एक जुनी बॅटरी, आणि एक वायर जी सतरंजीखालून थेट महाराजांच्या आसनापर्यंत गेली होती. रुपरावने आसन उचलले. खाली ओळीने तीन बटणे होती, पायाच्या अंगठ्यासाठी.

"बुद्धी अमेरिकेची," रुपराव म्हणाला, "आन अंगठा महाराजांचा!"

धर्मशाळा हसण्याने दणाणली. त्या हसण्यात महाराज आणि शिष्य मागच्या दाराने कधी गेले ते कोणी पाहिलेच नाही. प्रयागबाई मात्र हसल्या नाहीत. "मी खरंच देव समजून राहिली होती वं," त्या हळूच म्हणाल्या. ताराने त्यांचा हात धरला. "आई, तुम्ही देवाला खरं मानलं, म्हणून तर खोटं उघडं पडलं."

शेटजी हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्याजवळ काय सिद्धी आहे ते सांगा."

"काहीच नाही. आधी उचलणारे एक घेतील तर तुम्ही तीन घ्या, दोन घेतील तर दोन, तीन घेतील तर एक. दर फेरीला चार जातात, पाच फेऱ्यांत वीस, आणि उरलेला एक पहिल्याच्या नशिबी. महाराज एवढंच मोजत होते. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, चिंचोके मांडा आणि खेळून बघा. आणि कुणी म्हणालं की आम्ही कधीच हरत नाही, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याला जागा बदलून खेळायला सांगा."

त्या संध्याकाळी कापडबाजारात दुकानादुकानांतून ताम्हने निघाली, आणि गांधीबागेने इतका आदर कधी पाहिला नसेल. "तुम्ही आधी, शेटजी!" "छे छे, तुम्ही आधी!" "असं कसं, पहिला मान तुमचा!"

हातगाडी वाडीकडे परत निघाली. चिमी कॉम्प्युटरशेजारी झोपी गेली होती. भैय्याजी गाडीबरोबर चालत होते.

"ताई, एक विचारू? तुमचं यंत्र जिंकीन कधी?"

"माहीत नाही, भैय्याजी. हरलं तर सांगीन. जिंकलं, तर कसं जिंकलं तेही उघडून दाखवीन."

"मग असू द्या," ते म्हणाले. "हरू द्या त्याले अजून."